ऋण आणि इंधन : 'द बोर्न सुप्रीमसी'च्या निमित्ताने उत्तरपटाचा विचार

१

लोकप्रिय कथनप्रकारांविषयी मराठी समीक्षेची भूमिका बराच काळ उपेक्षेची राहिली आहे. बाबूराव अर्णाळकरांच्या शेकडो रहस्यकथांचा उल्लेख झाला तो बहुधा वाचकसंख्येच्या आणि वाचनाच्या सवयींच्या संदर्भात. त्या कथांच्या रूपबंधाची चिकित्सा क्वचितच झाली. चित्रपटाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक दाट होते. त्यातही तो चित्रपट हेरपट असेल आणि एखाद्या यशस्वी हेरपटाची कथा पुढे नेणारा 'सीक्वेल', म्हणजेच उत्तरपट असेल, तर त्याच्याकडे गंभीरपणे पाहण्याचे कारणच उरले नाही असे गृहीत धरले जाते. उत्तरपट व्यापारी हिशेबातून जन्मतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु व्यापारी हिशेब एखादी कृती का निर्माण झाली एवढेच सांगतो. ती कृती काय करते, हे त्यावरून कळत नाही. कृतीच्या निर्मितीचे कारण आणि कृतीचा आशय यांची गल्लत करणे हा समीक्षेतील जुनाच हेत्वाभास आहे.

उत्तरपटाची रूपविषयक समस्या निराळी आहे. मूळ चित्रपटाला आपल्या पात्रांचा भूतकाळ स्वतः उभा करावा लागतो. उत्तरपटाला तो आयता मिळतो. प्रेक्षकाने पात्रांचे मागील आयुष्य पाहिलेले असते, त्यांच्याविषयी त्याची काही भावनिक गुंतवणूक झालेली असते. या आयत्या भूतकाळाचे करायचे काय, हा उत्तरपटापुढचा खरा प्रश्न होय. स्थूलमानाने त्याची दोन उत्तरे संभवतात. एक म्हणजे भूतकाळ इंधन म्हणून वापरणे : पूर्वी जमलेली गुंतवणूक जाळून नव्या कथेचे यंत्र चालवणे. दुसरे म्हणजे भूतकाळाला ऋण मानणे : आधीच्या कथेत जे घडून गेले, जे विनाहिशेब सुटले, त्याची परतफेड नव्या कथेकडून मागणे. पहिल्या पद्धतीत भूतकाळ खर्ची पडतो. दुसरीत तो वर्तमानाकडे जाब मागतो.

पॉल ग्रीनग्रास यांनी दिग्दर्शित केलेला 'द बोर्न सुप्रीमसी' (२००४) हा या दृष्टीने विचारणीय चित्रपट आहे. तो डग लायमन यांच्या 'द बोर्न आयडेंटिटी' (२००२) या चित्रपटाचा उत्तरपट. या एकाच चित्रपटात वरील दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात. त्याचे सामर्थ्य एकीत आहे आणि त्याच्या मर्यादा दुसरीत. त्याचे गुणदोष सुटे नाहीत, एकाच मुळातून फुटलेले आहेत, असे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हेरपटाच्या परंपरेत नायकाला भूतकाळ नसणे हाच संकेत होता. उम्बेर्तो एको यांनी १९६५ मध्ये इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांची संरचनावादी चिकित्सा केली, तेव्हा त्या कादंबऱ्या ठरावीक चालींच्या खेळासारख्या चालतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी सुपरमॅनविषयी लिहिताना एको यांनी आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले होते : मालिकेतील नायकाने काळ वापरून संपवता कामा नये. प्रत्येक कृतीबरोबर माणूस थोडा मृत्यूकडे सरकतो; मालिकेतील नायकाला ही मुभा नसते, कारण त्याला पुढील भागात पुन्हा तसाच हजर व्हायचे असते. बाँडपटांत याचे ठळक उदाहरण सापडते. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) या चित्रपटाच्या अखेरीस बाँडच्या नवपरिणीत पत्नीची हत्या होते. त्यानंतरच्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर' (१९७१) मध्ये त्या दुःखाची सावली जवळजवळ उरत नाही. नायक पुन्हा कोराच असतो.

रॉबर्ट लडलम यांच्या १९८० मधील कादंबरीवर आधारलेल्या 'द बोर्न आयडेंटिटी'ने या संकेताशी एक चतुर खेळ केला. नायकाला भूतकाळ नाही, ही प्रकाराची अट त्या चित्रपटाने अक्षरशः खरी करून दाखवली : त्याचा नायक स्मृतिभ्रंश झालेला आहे. समुद्रात सापडलेल्या या तरुणाला आपले नाव आठवत नाही, पण त्याच्या हातांना मारण्याचे कसब आठवते. तो अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या 'ट्रेडस्टोन' नावाच्या गुप्त योजनेतील मारेकरी होता, हे त्याला हळूहळू कळते. मारी नावाच्या जर्मन तरुणीच्या सोबतीने तो त्या जगातून बाहेर पडतो. येथे एक नैतिक सोय झालेली आहे, ती लक्षात घेतली पाहिजे. प्रेक्षकाला मारेकऱ्याचे कौशल्य पाहण्याचा आनंद मिळतो आणि त्या कौशल्याने पूर्वी केलेल्या हत्यांचा भार मात्र ना नायकावर पडतो, ना प्रेक्षकावर. ज्याला काही आठवतच नाही त्याला जबाबदार कसे धरायचे? विस्मृती ही येथे आपत्ती तर आहेच, पण ती निर्दोषत्वाचा दाखलाही आहे.

उत्तरपट हा दाखला रद्द करतो. टोनी गिलरॉय यांच्या पटकथेने लडलम यांच्या १९८६ मधील कादंबरीचे जवळजवळ केवळ शीर्षक ठेवले. कादंबरी हाँगकाँग आणि चीनमध्ये घडते. तेथे नायकाच्या पत्नीचे अपहरण करून त्याला पुन्हा मारेकऱ्याच्या भूमिकेत ढकलले जाते. चित्रपटाची कथा वेगळीच आहे. मधल्या दोन वर्षांत बोर्न आणि मारी गोव्यात अज्ञातवासात राहत आहेत. बर्लिनमध्ये अमेरिकी गुप्तचरांचा एक व्यवहार चालू असताना दोन माणसे मारली जातात आणि तेथे बोर्नच्या बोटाचा ठसा मुद्दाम पेरून ठेवला जातो. हा ठसा पेरणारा किरिल नावाचा रशियन मारेकरी पुढे गोव्यात येतो; त्याने बोर्नवर झाडलेल्या गोळीला मारी बळी पडते. बोर्न युरोपात परततो. नेपल्स, म्युनिक, बर्लिन आणि मॉस्को अशा त्याच्या प्रवासातून उलगडते ते असे : संस्थेतील वरिष्ठ अधिकारी वॉर्ड अॅबट आणि रशियन तेलसम्राट ग्रेटकोव्ह यांनी सात वर्षांपूर्वी संस्थेचे दोन कोटी डॉलर लुबाडले होते, ते उघडकीस आणू पाहणाऱ्या नेस्की या रशियन राजकारण्याची हत्या झाली होती, आणि ती हत्या करणारा हात बोर्नचाच होता.

३

या रचनेतील मर्म पाहण्यासारखे आहे. बोर्नवर बर्लिनमधील हत्यांचा आळ येतो तो खोटा आहे. तो आळ कोणी घेतला याचा शोध घेत तो बर्लिनला पोहोचतो आणि त्याच शहरातील एका हॉटेलच्या खोलीत त्याला आपला खरा गुन्हा सापडतो. खोट्या आरोपाचा माग खऱ्या अपराधाशी जाऊन थांबतो. तपास करणारा आणि अपराधी एकच निघणे हे सोफोक्लीसच्या ईडिपसपासून चालत आलेले कथासूत्र आहे. ॲरिस्टॉटलने ज्याला अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे संक्रमण म्हटले, ते अभिज्ञान येथे हेरपटाच्या वेगात घडते. संस्थेच्या कागदपत्रांत ज्या कामगिरीची नोंदच नाही, ती त्याच्या दुःस्वप्नांत तेवढी शिल्लक आहे. अधिकृत स्मृतीने पुसलेले शरीराच्या स्मृतीने जपले आहे.

अभिज्ञान हा शब्द आला की भारतीय वाचकाला कालिदासाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे आणि ही तुलना येथे केवळ शोभेची नाही. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला पुरती आठवते. तो आठवत नसल्याचे भर सभेत ढोंग करतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका यांची योजना करून हे ढोंग नाहीसे केले. राजाला खरोखरच विस्मरण झाले होते, म्हणून तो दोषी नाही. शाप हा नायकाच्या चारित्र्याचे रक्षण करणारा कवच होतो, याची चर्चा संस्कृत साहित्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. परंतु कालिदास तेथेच थांबत नाही. मुद्रिका सापडल्यावर सहाव्या अंकात दुष्यंत पश्चात्तापाने पोळून निघतो. शापाने त्याला दोषमुक्त केले असले, तरी स्मृती परतल्यावर तो स्वतःला दोषमुक्त मानत नाही. नाटकाची भावनिक खोली या विसंगतीत आहे.

'आयडेंटिटी' आणि 'सुप्रीमसी' यांचे परस्परनाते नेमके असे आहे. पहिल्या चित्रपटातील विस्मृती दुर्वासाच्या शापाचे काम करते. दुसऱ्या चित्रपटात सहाव्या अंकाचा पश्चात्ताप येतो. फरक आहे तो साधनाच्या स्वरूपात. मुद्रिका प्रेमाची खूण होती, म्हणून तिच्यामुळे परतलेली स्मृती शेवटी पुनर्मीलनाकडे नेते. बोर्नला गवसलेली खूण हत्येची आहे. नेस्कीची पत्नी त्या रात्री अनपेक्षितपणे खोलीत आली. बोर्नने तिलाही मारले आणि तिनेच नवऱ्याला मारून आत्महत्या केली असा देखावा रचला. जगाने तो देखावा खरा मानला. म्हणजे त्याने दोन माणसांचे प्राण घेतलेच, शिवाय एका मृत स्त्रीच्या नावावर पतिहत्येचा कलंक ठेवला आणि त्यांच्या मुलीला त्या असत्यासह वाढायला लावले. या स्मृतीच्या शेवटी पुनर्मीलन नाही. तेथे एकच गोष्ट शक्य आहे : ज्याचे देणे आहे त्याच्याकडे जाऊन ते कबूल करणे.

उत्तरपटाच्या रूपाला येथे एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो. आधी घडून गेलेल्या गोष्टींकडे परत जाणे ही उत्तरपटाची प्रकारगत सक्ती असते. 'सुप्रीमसी'त ही सक्ती नायकाच्या नैतिक सक्तीशी एकरूप झालेली आहे. मागील कथेकडे वळणे म्हणजे मागील अपराधाकडे वळणे, असे समीकरण मांडणारा हा चित्रपट म्हणूनच नुसता पुढचा भाग राहत नाही. तो पहिल्या भागाचा पुनर्विचार ठरतो.

४

परंतु हा पुनर्विचार सुरू होण्यासाठी चित्रपट जी किंमत मोजतो ती मारीच्या मृत्यूची, आणि तेथे इंधनाची पद्धत डोके वर काढते. फ्रांका पोटेंटे यांनी साकारलेली मारी पहिल्या चित्रपटात स्वतःचे निर्णय घेणारी, चिडणारी, घाबरणारी आणि तरीही सोबत राहणारी अशी व्यक्ती होती; त्या चित्रपटाच्या शेवटी ती ग्रीसमधील एका बेटावर स्वतःचा छोटा व्यवसाय चालवताना दिसते. उत्तरपट तिला आरंभीच्या काही मिनिटांतच संपवतो. लडलम यांच्या कादंबरीतही तिचा उपयोग नायकाला हलवण्यासाठीच होतो, मात्र तेथे ती जिवंत राहते आणि अपहरणकर्त्यांच्या तावडीतून स्वतः निसटते. नायकाला कृतिप्रवण करण्यासाठी प्रिय स्त्रीचा बळी देणे ही साहसकथेची सर्वांत घासलेली युक्ती आहे. पॅमेला लँडी या तपास अधिकाऱ्याच्या रूपाने जोन ॲलन यांनी एक बुद्धिमान आणि स्वतंत्र स्त्रीपात्र उभे केले आहे, हे मान्य करूनही मारीच्या बाबतीतली ही काटकसर लपत नाही.

तथापि येथे निवाडा घाईने करता येत नाही. पाठलागाच्या ऐन भरात बोर्न मारीला गाडी चालवायला सांगतो आणि स्वतः शेजारच्या आसनावर सरकतो. किरिलचा नेम चालकावर आहे. चालक म्हणजे बोर्न, असा त्याचा समज आहे. मारी मरते ती बोर्नच्या जागी बसल्यामुळे, आणि त्या जागी तिला बोर्ननेच बसवलेले असते. त्याआधीच्या क्षणी दोघांचा वाद चालू असतो : आपल्यापुढे दुसरा मार्ग नाही असे तो म्हणतो, मार्ग निवडणे तुझ्या हाती आहे असे ती सांगते. हे तिचे अखेरचे म्हणणे. पुढे बोर्न अॅबटवर पिस्तूल रोखूनही त्याला मारत नाही आणि तिची तशी इच्छा नसती, हेच कारण देतो. मॉस्कोत किरिल मोडक्या गाडीत असहाय पडलेला असतानाही तो पाठ फिरवून निघून जातो. मारीचा शब्द अशा रीतीने चित्रपटाचे नैतिक सूत्र बनतो. म्हणजे चित्रपट तिला निव्वळ जाळत नाही, तिचे काही जपतोही. मात्र जपतो तो तिचा उपदेश. तिचे व्यक्तिमत्त्व नव्हे. आसनांच्या अदलाबदलीतून बोर्नच्या वाट्याला आलेली जबाबदारी पुन्हा कधी उच्चारली जात नाही. नेस्की दांपत्याच्या मृत्यूचा हिशेब मागणारा चित्रपट मारीच्या मृत्यूतील नायकाच्या वाट्याचा हिशेब अर्धवट सोडतो.

मारीबरोबर गोवाही खर्ची पडतो. ही दृश्ये प्रत्यक्ष गोव्यातच चित्रित झालेली आहेत. समुद्रकिनारा, बाजार, अरुंद रस्ते, पूल आणि नदी हे सारे त्यांत ओळखू येते. कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या प्रेक्षकाला हे अवकाश परिचयाचे आहे आणि म्हणूनच त्यातील उणीव त्याला अधिक जाणवते. येथे रस्ते आहेत, गर्दी आहे, पण कथेच्या दृष्टीने वजन असलेला एकही गोवेकर नाही. पाश्चात्त्य माणसाने जगापासून लपण्यासाठी यावे अशी जागा, ही गोव्याची जी प्रतिमा हिप्पींच्या काळापासून रूढ झाली, तिचाच चित्रपट विनाचिकित्सा उपयोग करतो. बाँडपटांतील 'ऑक्टोपसी'ने (१९८३) उदयपूरचे जे चित्रमय प्रदर्शन मांडले, त्याच्या तुलनेत ग्रीनग्रास यांचा गोवा कितीतरी कमी भडक आहे, हे खरे. वस्तुनिष्ठ छायाचित्रणाचा संयम त्यात आहे. परंतु भडकपणा टाळल्याने एखाद्या स्थळाला पात्राचा दर्जा मिळतो असे नाही. किनाऱ्यावर जुने कागद आणि छायाचित्रे जाळून, मारीचे एक छायाचित्र तेवढे राखून बोर्न निघून जातो. त्याबरोबर गोवाही कथेतून पुसला जातो. नदीतून पुढे काय निघाले, त्या मृत्यूची चौकशी कोणी केली, हे प्रश्न कथेला पडत नाहीत.

५

'सुप्रीमसी'विषयीची सर्वाधिक चर्चा झाली ती तिच्या दृश्यशैलीची. ग्रीनग्रास ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील वृत्तपटांच्या परंपरेतून आलेले. उत्तर आयर्लंडमधील १९७२ च्या गोळीबारावरील त्यांच्या 'ब्लडी संडे'ला (२००२) बर्लिन महोत्सवात 'गोल्डन बेअर' हा पुरस्कार विभागून मिळाला होता. त्या चित्रपटातील हातात धरलेला, हिसकत जाणारा कॅमेरा त्यांनी छायाचित्रकार ऑलिव्हर वुड यांच्या साहाय्याने हेरपटात आणला. ख्रिस्तोफर राऊज आणि रिचर्ड पिअर्सन यांच्या संकलनामुळे एकेक शॉट सरासरी दोन सेकंदांच्या आसपास टिकतो. समकालीन हॉलिवूडच्या जलद संकलनाला आणि सततच्या कॅमेराहालचालींना डेव्हिड बॉर्डवेल यांनी 'तीव्रीकृत सातत्य' अशा अर्थाची संज्ञा २००२ मध्ये वापरली होती. प्रस्तुत चित्रपट त्या प्रवृत्तीचे टोक गाठतो.

या शैलीचे समर्थन आशयाच्या आधारे करता येते. ज्याची स्मृती तुकड्यांत परतते त्याचे जग तुकड्यांतच दिसणार. हॉटेलची खोली, पाऊस, दार उघडून आत येणारी स्त्री हे स्मृतिकण प्रथम निरर्थक वाटतात. पुनरावृत्त होता होता ते एका घटनेत जुळतात. प्रेक्षकाची अपुरी माहिती आणि नायकाची अपुरी स्मृती यांची येथे गाठ पडते. ट्रेडस्टोनमधील शेवटच्या उरलेल्या सहकाऱ्याशी म्युनिकमध्ये होणारी झुंजही याच कारणाने परिणामकारक ठरते. गुंडाळलेल्या मासिकाने सुरीचा सामना करणारा बोर्न येथे वीर दिसत नाही. झुंज संपते तेव्हा विजयाचा उन्माद नाही, केवळ थकवा आहे. त्या दोघांत फरक इतकाच की एकाला बाहेर पडावेसे वाटले.

परंतु हे समर्थन सर्वत्र टिकत नाही. गोव्यातील पाठलागात कोण कोणत्या आसनावर आहे हे कळणे अत्यावश्यक आहे. तेथे शैली स्वतःला आवर घालते आणि अवकाशाचे भान राखते. मॉस्कोतील पाठलागात तसे होत नाही. जखमी बोर्न टॅक्सी पळवतो, किरिल त्याच्या मागे लागतो आणि त्यानंतरची कित्येक मिनिटे आघात, काच, लोखंड आणि कर्कश आवाज यांचा अखंड मारा चालतो. दिशा आणि अंतर यांचे भान सुटते. हा पाठलाग तंत्रदृष्ट्या बिनतोड असेल. पण त्यात बोर्नच्या स्मृतीचा काही संबंध उरत नाही. शैली येथे अनुभवाचे साधन राहत नाही, स्वतःच अनुभव होऊन बसते.

याहून गंभीर आक्षेप नैतिक आहे. या पाठलागात रस्त्यावरच्या अनेक गाड्या चिरडल्या जातात. त्यांत बसलेली माणसे कोण होती? ती जगली का? चित्रपट थांबून पाहत नाही. हेरपटाचा संकेत म्हणून हे एरवी चालून गेले असते. परंतु ज्या चित्रपटाने प्रत्येक मृताच्या मागे एक घर असते हे आपले मध्यवर्ती सूत्र मानले, त्याला हा संकेत वापरण्याची मोकळीक राहत नाही. बोर्न मॉस्कोत आला आहे तो जुने देणे फेडायला. आणि वाटेत तो नवी देणी करत जातो, ज्यांची नोंद ना त्याच्याकडे होते, ना चित्रपटाकडे. ऋणाचा आशय आणि इंधनावर चालणारा प्रकार यांची थेट टक्कर होते ती येथे.

६

त्यानंतर येणारे दृश्य हा चित्रपटाचा कळस आहे. नेस्की दांपत्याची मुलगी इरेना एका साध्या इमारतीतील आपल्या घरी परतते, तेव्हा एक जखमी अनोळखी माणूस तिची वाट पाहत बसलेला असतो. ओक्साना अकिनशिना यांनी ही भूमिका अत्यंत अल्प साधनांनी केली आहे. बोर्न प्रथम रशियनमधून बोलतो. आपल्याला इंग्रजी येते असे ती सांगते. घरातील आईवडिलांच्या छायाचित्राचा विषय निघतो. ते तिला महत्त्वाचे वाटत नाही असे ती म्हणते. ते तसे वाटते याचे कारण ते कसे मेले हे तुला ठाऊक नाही, असे तो सांगतो. मग तो खरे सांगतो : तिच्या आईने वडिलांना मारले नाही, स्वतःलाही मारले नाही, दोघांना त्याने मारले. तो क्षमा मागतो, म्हणजे आपल्याला वाईट वाटते एवढेच म्हणतो, आणि लंगडत बर्फात निघून जातो.

या दृश्यात हेरपटाचे एकही सुख नाही. माहिती मिळवणे, ती लपवणे, तिचा सौदा करणे हा हेरकथेचा व्यवहार. येथे माहिती प्रथमच विनामोबदला दिली जाते. इरेनाला आईची निष्कलंक स्मृती परत मिळते. बोर्नच्या हाती काहीच पडत नाही. प्रिय माणूस हिरावले गेले की सत्य जाणून घ्यावेसे वाटते, असे तो तिला सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात गोव्यातील नदी असते. मारीच्या मृत्यूने त्याला सूडाची प्रेरणा दिली होती. त्याच मृत्यूने त्याला दुसऱ्याचे दुःख समजण्याची पात्रताही दिली आहे. बोर्नने आगीतून राखलेले छायाचित्र आणि इरेनाच्या घरातील छायाचित्र यांचे नाते न सांगताच प्रस्थापित होते. जे इंधन म्हणून जाळले गेले होते त्याचा काही अंश येथे ऋणाच्या खात्यात जमा होतो, असे म्हणता येईल. कॅमेराही या ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावर ठरतो.

कबुलीची ही कृती निर्दोष आहे असे मात्र नाही. ती एकतर्फी आहे. इरेनाला प्रश्न विचारायला, शाप द्यायला, त्याला थांबवून धरायला अवकाश मिळत नाही. तिच्या उरलेल्या आयुष्यात या ज्ञानाचे काय होईल, हे तिच्यावरच सोपवून तो जातो. कबुलीने कोणाचा भार हलका झाला, तिचा की त्याचा? चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पण रडणाऱ्या इरेनाच्या चेहऱ्यावर पुरेसा काळ थांबून तो प्रश्न निदान उभा राहू देतो. प्रकाराच्या मर्यादेत ही प्रामाणिकता लहान नाही.

दुर्दैवाने चित्रपट येथे संपत नाही. न्यूयॉर्कमधील एका छोट्या उपसंहारात लँडी बोर्नला दूरध्वनीवर त्याचे खरे नाव डेव्हिड वेब असल्याचे सांगते, जन्मतारीख आणि जन्मगावही सांगते. तो समोरच्या इमारतीतून तिला पाहत असल्याचे सूचित होते आणि तो गर्दीत मिसळतो. नायक पुन्हा चतुर, पुन्हा अजिंक्य. ज्याने नुकतेच आपले सर्वस्व देऊन टाकले त्याला लगेच नावाचे बक्षीस दिले जाते आणि प्रेक्षकाला पुढील भागाचे आश्वासन. या उपसंहाराचे स्वरूप किती उपयोगी होते, हे पुढे स्पष्ट झाले. 'द बोर्न अल्टिमेटम' (२००७) मॉस्कोतील जखमी बोर्नपासून सुरू होतो आणि न्यूयॉर्कमधील तोच संवाद त्या चित्रपटाच्या ओघात निराळ्या हेतूने पुन्हा योजला जातो. एका चित्रपटाचा शेवट दुसऱ्याच्या यंत्राचा सुटा भाग ठरावा, यातच त्याच्या शेवटपणाविषयीची शंका सिद्ध होते.

७

चित्रपटाच्या राजकीय आशयातही हीच द्विधा आहे. नेस्कीची हत्या संस्थेने घडवली की संस्थेतील एका लोभी माणसाने? कथा दुसरे उत्तर देते. ब्रायन कॉक्स यांनी रंगवलेला अॅबट ध्वनिफितीवर आपले दुष्कृत्य उघड करून बसतो, लँडीसमोर आत्महत्या करतो आणि संस्था शुद्ध होते. परंतु माणसाला स्मृतिहीन हत्यार बनवणारी योजना त्या लोभाआधीच अस्तित्वात होती. बोर्न स्वतःच्या कृत्याची जबाबदारी स्वीकारतो. संस्था ती एका मृताच्या नावावर टाकून मोकळी होते. व्यक्तीकडून जितकी नैतिकता मागितली जाते तितकी व्यवस्थेकडून मागितली जात नाही. 'अल्टिमेटम'मध्ये हा तोल काही अंशी सावरला गेला : तेथे अपराध संस्थेच्या रचनेतच आहे हे दिसते आणि बोर्न त्या योजनेत स्वेच्छेने दाखल झाला होता, हेही उघड होते. विस्मृतीचे उरलेसुरले कवच तेथे गळून पडते. पण हा विचार पुढील भागावर ढकलला गेला, म्हणून 'सुप्रीमसी'तील त्याची उणीव भरून निघत नाही.

मालिकेचे त्यानंतरचे वळण मात्र इंधनाच्या पद्धतीचा पूर्ण विजय दाखवते. ग्रीनग्रास आणि मॅट डेमन यांनी २०१६ मध्ये 'जेसन बोर्न' हा चित्रपट केला. त्यात आधीच्या तिन्ही चित्रपटांत दिसलेल्या निकी पार्सन्सची आरंभीच हत्या होते आणि नायकाच्या वडिलांच्या मृत्यूचे नवे रहस्य शोधून काढले जाते. रचना बाह्यतः 'सुप्रीमसी'चीच आहे : जवळच्या स्त्रीचा मृत्यू, जुने गुपित, सूडाचा प्रवास. फक्त इरेना नाही. ज्याच्याकडे जाऊन काही कबूल करायचे आहे असा कोणी त्या कथेत उरलेला नाही. नायकच आता सर्वांचा ऋणको न राहता धनको झाला आहे. एकाच दिग्दर्शकाच्या, एकाच नटाच्या, जवळजवळ एकाच आराखड्याच्या दोन चित्रपटांतील हे अंतर शैलीने स्पष्ट होत नाही. भूतकाळ कोणाचे देणे आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरात ते सामावलेले आहे.

उत्तरपटाचे मूल्यमापन मूळ चित्रपटापेक्षा सरस की निरस या तुलनेने करण्याची प्रथा आहे. 'द बोर्न सुप्रीमसी' असे सुचवतो की ही कसोटी अपुरी आहे. उत्तरपटाने आपल्या पूर्वकथेचे किती स्मरण ठेवले यापेक्षा त्या स्मरणाची किंमत कोणाकडून वसूल केली, हे पाहिले पाहिजे. या चित्रपटाने ती काही वेळा मारीकडून, गोव्याकडून, मॉस्कोच्या रस्त्यावरील अनामिकांकडून वसूल केली; आणि एका दृश्यात, पूर्णपणे, आपल्या नायकाकडून. ते एक दृश्य हेरपटाच्या साऱ्या संकेतांना पुरून उरते, कारण त्यानंतर काय होणार हे जाणून घेण्याची गरजच ते उरू देत नाही. उपसंहार मात्र ती गरज पुन्हा निर्माण करतो. लोकप्रिय कलाकृतीतील कलेची शक्यता आणि तिच्यावरील व्यापाराची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या काही मिनिटांच्या अंतरात स्पष्ट दिसतात. आणि त्या जेथे इतक्या जवळ येतात, तेथे समीक्षेने उपेक्षा करण्यासारखे काही नसते.